मुक्कामी ट्रेकमध्ये सॅकने खांदे ठणकणं: कशाने थांबलं

रतनगड ते हरिश्चंद्रगडसारख्या मुक्कामी ट्रेकला दुपारपर्यंत खांदे ठणकायचे, बोटांना मुंग्या यायच्या आणि चढावर सॅक मागे ओढायची. सॅक ६० लिटरची, वजन साधारण १२ किलो.

खांद्यांना पॅड लावले, सामान कमी केलं, पट्टे आवळले. मुंग्या उलट वाढल्या. पार वैताग आला होता.

अडचण पाठीच्या मापात होती. (दुकानात आपली उंची विचारतात, तिचा इथे फारसा उपयोग नाही.) मान पुढे झुकवल्यावर तळाशी जे हाड वर येतं, तिथून टेप खाली सोडा. हात कमरेच्या हाडांवर ठेवले की अंगठे पाठीमागे ज्या रेषेत येतात, तिथपर्यंत मोजा. माझं माप ४४ सेंमी, सॅक ५० वर लावलेली. पाठीकडची पट्टी सरकवून ४४ वर आणली.

मग सॅक भरून, याच क्रमाने: सगळे पट्टे ढिले. कंबरपट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांच्या कडेवर. आधी तोच घट्ट. नंतर खांद्याचे पट्टे, फक्त पाठीला टेकतील इतके. मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे छोटे पट्टे, साधारण ४५ अंशांत. शेवटी छातीचा, पूर्ण श्वास घेता यावा इतकाच.

पाणी आणि शिधा पाठीलगत मध्यावर, स्लीपिंग बॅग तळाशी.

येऊरच्या चढावर भरल्या सॅकनिशी चालून पाहिलं: भार कमरेवर, मुंग्या बंद. पट्टी सरकत नसेल तर आपल्या मापाचीच सॅक घ्यावी लागेल.