दुर्बिणीच्या व्हिडिओतून थ्रीडी मॉडेल बनवताय? या चुका टाळा

इंदूरच्या राजवाड्याचे मोबाइलवर साठ-सत्तर फोटो काढायचे आणि कोलमॅप या फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचे, की सातही मजले पडद्यावर उभे राहतात. आमच्या इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना चटक लागते ती इथेच. मग कुणीतरी त्याच सॉफ्टवेअरला कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठं आतडं आतून बघणाऱ्या दुर्बिणीचा व्हिडिओ देतो आणि आतड्याऐवजी चार विखुरलेले ठिपके मिळतात. ‘सर, सॉफ्टवेअर बदलू का?’ नको. आधी व्हिडिओ बघ.

राजवाडा हलत नाही, त्याच्यावर नक्षी आहे आणि ऊन त्याच्यावर एकाच बाजूने पडतं. आतडं ओलं, गुळगुळीत, सगळीकडे सारखंच गुलाबी. वर दिवा कॅमेऱ्याच्या टोकालाच बसवलेला.

या दिव्याचा घोळ समजायचा असेल तर रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जा. पाकातल्या गुलाबजामवर मोबाइलचा टॉर्च धरा आणि हात डावी-उजवीकडे न्या. गुलाबजाम जागेवरच असतो, चमक मात्र हाताबरोबर सरकते. सॉफ्टवेअर ही चमकच पक्की खूण समजून धरतं आणि सगळा हिशेब बिघडतो. म्हणून पांढरेफट्ट झालेले पिक्सेल मास्कमध्ये, म्हणजे कुठला भाग बघायचा नाही हे सांगणाऱ्या जोडचित्रात, काळे करा आणि मास्क काही पिक्सेल बाहेर वाढवा, कारण खरा फसवा भाग चमकेची कड असतो. चमक पुसून तिथे शेजारचा रंग भरण्याचा मोह आवरा. तो पोत तुम्ही बनवलेला असतो, आतड्याचा नसतो. कोलमॅपला मास्कचं नावही ठरावीक लागतं: फोटो ‘०१२.जेपीजी’ असेल तर मास्क ‘०१२.जेपीजी.पीएनजी’. नाव चुकलं की मास्क लागतच नाही, आणि पोरं दोन दिवस भलतीकडेच शोधत बसतात.

काळी चौकट, तारीख, कोपऱ्यातली अक्षरं यांनाही हाच मास्क लावा. ती प्रत्येक फ्रेममध्ये जागच्या जागी असतात, त्यामुळे कॅमेरा हललाच नाही असं सॉफ्टवेअरला वाटतं. रुग्णाचं नाव मात्र मास्कच्या भरवशावर सोडू नका. फाइल हॉस्पिटलबाहेर पडण्याआधीच ते व्हिडिओतून कायमचं काढलेलं हवं.

मॉडेलमध्ये सरळ नळी वाकडी दिसतेय? कॅलिब्रेशन, म्हणजे भिंग चित्र किती वाकवतं याचं मोजमाप, तपासा. कोलोनोस्कोपची नजर 140 ते 170 अंश रुंद असते, तिथे साध्या कॅमेऱ्याचं गणित चालत नाही. अतिरुंद भिंगांसाठीचं फिशआय मॉडेल निवडा. बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना बारीक चौकटींचा छापा आणि काही सेंटिमीटरवरून, त्याच रेकॉर्डरवर, त्याच रिझोल्यूशनला टिपा. पोटाच्या शस्त्रक्रियेची, 30 अंश तिरकं बघणारी दुर्बीण असेल तर आणखी जपा: झूम किंवा फोकसची कडी फिरली, की जुनं कॅलिब्रेशन बाद.

फ्रेममध्ये कंगव्याचे दात दिसले तर व्हिडिओ इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाआड एक ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या आहेत. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचा ‘याडिफ’ फिल्टर लावून मगच फ्रेम काढा. पाण्याच्या फवाऱ्याच्या, भिंतीला टेकून लालभडक झालेल्या आणि धूसर फ्रेम फेकून द्या. दुर्बिणीचं टोक एकाच जागी नुसतं वळलं असेल तर तो तुकडाही निरुपयोगी, कारण जागा बदलल्याशिवाय खोली कळत नाही. दुर्बीण बाहेर काढतानाचे छोटे तुकडे घ्या. लांब तुकड्यात आतडं स्वतःच आकार बदलतं.

तरीही जमेना? मग जॉन्स हॉपकिन्सचा सी३व्हीडी हा डेटासेट चालवून बघा. कृत्रिम आतड्याचे 22 व्हिडिओ, 10,015 फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमची खरी खोली सोबत. तिथेही फसलात तर खोट तुमच्या पद्धतीत आहे. तिथे जमलं तर आपल्या व्हिडिओकडे परत या.

एका कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून ‘पॉलिप (आतड्यातली गाठ) 7 मिमी’ असं कधी लिहू नका. घडण कळते, खरं माप कळत नाही. चित्रात माहीत असलेल्या मापाची वस्तू हवी, नाहीतर दोन कॅमेऱ्यांची दुर्बीण.

शेवटची चूक सगळ्यात देखणी. ठिपक्यांवरून पृष्ठभाग बनवताना पॉइसन पद्धत सगळी भोकं बुजवते आणि मॉडेल गुळगुळीत, अखंड दिसतं. आम्ही असंच एक मॉडेल कौतुकाने एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आतड्याच्या एका घडीमागे बोट ठेवून विचारलं, ‘हे कॅमेऱ्याला दिसलं होतं का?’ नव्हतं. तेव्हापासून जिथे ठिपके विरळ, तिथला पृष्ठभाग आम्ही कापून टाकतो. पॉलिप लपायला घडीमागची जागाच सोयीची असते. तिथलं भोक डॉक्टरांना दिसलंच पाहिजे.