नोकरदारांनी दिवसभराची हालचाल कशी वाढवावी

व्यायामाचा निश्चय मोडला की आपण स्वतःला आळशी ठरवतो. परंतु आपले काम आणि आपले घर यांपैकी कोण किती अडवते आहे, हे आधी पाहावे. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. पुढे १९५६ साली गणवेशांची मापे तपासली गेली, तेव्हा तरुण चालकांच्याही विजारींचा घेर वाहकांपेक्षा मोठा निघाला. म्हणजे नोकरीत फार वर्षे जाण्याआधीच हा फरक होता, म्हणून सारेच कामाच्या माथी मारता येत नव्हते, माणसागणिक असलेला फरकही त्यात होताच.

म्हणून एक आठवडा वही ठेवा. डाव्या बाजूला कामावर किती वेळा आणि कशासाठी उठलात ते, उजव्या बाजूला घरी काय घडले ते, रोज रात्री लिहा. सांगलीच्या मार्केट यार्डात हिशेब लिहिताना मी हे केले, तेव्हा हळदीच्या हंगामात सकाळी दहा ते दीड या वेळेत मी एकदाही उठत नाही, कारण चहासुद्धा टेबलावर येतो, हे वहीतच दिसले. तेव्हापासून मी चहा टपरीवर जाऊन पितो आणि फोन आला की उभा राहून बोलतो. मालकाची परवानगी लागणार नाही असा बदल आधी करावा, कारण तोच टिकतो.

शेजारी पोती वाहणाऱ्या हमालाला मात्र हा सल्ला लागू नाही. विश्रांतीविना जड ओझे वाहणे हृदयाला मोकळ्या चालण्याइतके मानवत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याला आधी विसावा हवा.

उजवी बाजू अधिक प्रामाणिकपणे वाचावी लागते. कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याने पहाटे आमराईत फिरायला जाण्याचा हट्ट धरू नये. झोप पुरी करून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर निघावे. नोकरी करून स्वयंपाक, मुले आणि सासू-सासऱ्यांचे औषधपाणी सांभाळणाऱ्या बाईच्या वहीत वेळच उरत नाही, आणि तिथे उपाय तिच्या मनोबलात नसून घरातल्या कामाच्या वाटणीत आहे. गुडघेदुखी किंवा मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवला, आणि सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. त्यामुळे घरापासून एक थांबा आधी उतरून झपाझप चाललेली सात मिनिटेही जमेस धरा. पाळी बदलली किंवा हंगाम संपला की पुन्हा आठवडाभर वही लिहा.