फाइल संभाजीनगरला, गोळ्या गावाकडं : हाडांत पसरलेल्या कॅन्सरची औषधं घेताना या चुका टाळा

उपचार छत्रपती संभाजीनगरला, लातूरला नाहीतर नांदेडला चालतात. औषधं घेतली जातात परतूर, औंढा, भूमच्या घरांत. कॅन्सरचे डॉक्टर पेशंटला तीन-चार आठवड्यांनी एकदा बघतात. मधल्या दिवसांत त्याला बघणारे वेगळेच : गावातले डॉक्टर, दातांचे डॉक्टर, मालिशवाला आणि आम्ही मेडिकलवाले. हेतू सगळ्यांचा चांगला, पण आधीपासून काय चालू आहे हे यांतल्या कुणालाच धड ठाऊक नसतं. काउंटरवर बसून दिसणाऱ्या बहुतेक चुका इथंच होतात.

कंबर दुखली की मेडिकलमधून गोळी

सगळ्यात जास्त बोलायचं ते याच चुकीवर. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस यांचा कॅन्सर हाडांत पसरला की अनेकांना हाडं टिकवण्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिड हे औषध सलाइनमधून देतात. 4 मिलिग्रॅमचा डोस, किमान 15 मिनिटं, सावकाश. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून दर वेळी आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारा आकडा) तपासतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करतात किंवा औषध देतच नाहीत.

आता घरातलं चित्र बघा. दुखणं आहेच. मुलगा दुकानात येतो आणि कात्रीनं कापलेला पट्टीचा तुकडा पुढं करतो. नाव अर्धं गेलेलं, एक्स्पायरी तर पूर्णच. उरलेल्या अक्षरांवरून कळतं की ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी आहे. ‘आजीची गुडघ्याची आहे, तीच द्या, बाबांना चांगली लागू पडली.’ लागू पडणारच, पण डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. वर गावात ‘एक इंजेक्शन मारा’ म्हटलं की बहुधा डायक्लोफेनॅकच टोचलं जातं.

त्यात आपला उन्हाळा. परभणी-नांदेडकडं पारा 42-43 च्या वर जातो. वाटेत कुठं जायचं या काळजीनं बायका एसटीत बसायच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात आणि तशाच कोरड्या अंगानं सलाइनच्या खुर्चीत बसतात. पाणी कमी, वेदनेची गोळी पोटात आणि वर झोलेड्रॉनिक, हे तिन्ही एकत्र आलं की क्रिएटिनिन वाढलेलं निघतं आणि डोस पुढं ढकलला जातो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर त्या दिवशी आणि आदल्या दिवशी पाणी नीट प्या. वेदनेची कुठलीही गोळी, अगदी आजीची असली तरी, विचारूनच घ्या.

पहिल्या सलाइननंतर दोन-तीन दिवस कणकण, अंग ठणकणं हे बऱ्याच जणांना होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल त्याला पुरतं. मात्र केमो चालू असलेल्याला 100.4 च्या वर ताप आला, तर ‘सलाइनचा असेल’ म्हणून अंगावर काढू नका, लगेच हॉस्पिटलला कळवा.

एकच औषध दोन डॉक्टरांकडून

हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रॉनिक 5 मिलिग्रॅमचं असतं. डेनोसुमॅब या हाडांच्या दुसऱ्या इंजेक्शनचंही तसंच : ठिसूळपणासाठी 60 मिलिग्रॅम सहा महिन्यांनी, हाडांतल्या कॅन्सरसाठी 120 मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी. ब्रँडची नावं वेगवेगळी, आतलं औषध एकच. हाडांच्या डॉक्टरांकडं गेलात तर ‘हाडाचं इंजेक्शन चालू आहे’ एवढ्यावर भागवू नका, डिस्चार्ज कार्डच दाखवा.

डेनोसुमॅब स्वतः विकत आणत असाल तर ते 2 ते 8 अंशांत राहिलं पाहिजे. थर्माकोलच्या डब्यात बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलं की वाया गेलं. आणि घरी लोडशेडिंग असेल तर ते आणून ठेवूच नका, द्यायच्या दिवशी दुकानातून उचला. पैसे किंवा गाडी जमली नाही म्हणून हे इंजेक्शन परस्पर बंदही करू नका. थांबवल्यावर मणक्यांची झीज झपाट्यानं होऊन ते खचू शकतात.

दाढ काढून घेतली, आणि मग सांगितलं

झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅब चालू असताना दात उपटला तर जबड्याची जखम महिनोन्महिने भरत नाही, कधी हाड उघडं पडतं. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याचं खाणंपिणं अवघड होऊन बसतं. म्हणून किडक्या, हलत्या दातांचं काय ते पहिल्या डोसच्या आधी उरकून घ्या. नंतर दुखलाच तर दातांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. काढण्याऐवजी रूट कॅनॉल करून भागतं का ते ते बघतील. टोचणारी कवळी दुरुस्त करून घ्या. मिसरी आणि गुटख्याबद्दल मी वेगळं काय सांगू!

कॅल्शियम मनानं सुरू, मनानं बंद

हाडांचं औषध रक्तातलं कॅल्शियम खाली आणतं, म्हणून सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून देतात. कंटाळून ते सोडलं की ओठांभोवती मुंग्या येतात, पेटके येतात. उलट बाजूही आहे : हाडांतल्या कॅन्सरमुळे कधी कॅल्शियम चढतं. मग खूप तहान लागते, बद्धकोष्ठता होते, माणूस गुंगीत असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात उन्हानं झालं. अशा वेळी दूध, कॅल्शियम, शंखभस्म यांचा मारा केला तर काय होईल? गोळ्या देत बसू नका, रक्त तपासायला न्या.

उपास, रोजा आणि गोळ्यांची वेळ

प्रोस्टेटच्या कॅन्सरची ॲबिराटेरोन गोळी उपाशीपोटीच घ्यायची : आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. जेवणासोबत घेतली तर ती रक्तात कितीतरी जास्त उतरते. तिच्यासोबतची प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी मात्र खाऊन घ्यायची. ती एकाएकी बंद करायची नाही. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासात. म्हणजे एकादशी किंवा रोजा धरायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं आलंच. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

मॉर्फिनची नको ती भीती

‘व्यसन लागेल’ म्हणून दुखणं सोसणारे पेशंट बघवत नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेलं मॉर्फिन ही व्यसनाची वाट नव्हे. दुखून असह्य झाल्यावर नाही, घड्याळाप्रमाणे घ्यायचं. बद्धकोष्ठता होणारच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. सावकाश विरघळणारी गोळी कुटून किंवा चावून खाऊ नका, सगळा डोस एकदम अंगात जातो. वेदनेसाठी अंगाला चिकटवायच्या फेंटॅनिलच्या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, पट्टी लावून उन्हात बसू नका. उष्णतेनं औषध जास्त शोषलं जातं. अशा पेशंटला हाक मारूनही जाग येत नसेल, श्वास फार संथ चालला असेल, तर वाट बघू नका. मॉर्फिन प्रत्येक दुकानात मिळत नाही, तेव्हा संपायच्या आठवडाभर आधीच सोय करा.

गोळी वाढवायची वेळ नाही, गाडी काढायची आहे

पाठदुखी एकदम वाढली, पायातली ताकद जातेय, चालताना पाय अडखळतात, बसायच्या जागी बधिर वाटतं, लघवी अडली, यांतलं काहीही दिसलं तर मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते. पायांची ताकद टिकण्यासाठी यात तास महत्त्वाचे असतात. मालिश नको, पाठीवर पाय देणं तर नकोच. पेशंटला सरळ झोपवा आणि 108 ला फोन लावा. ‘कंबर दुखतेय’ एवढंच सांगू नका. कॅन्सर मणक्यात आहे आणि पाय गळालेत, असं सांगा.