सर्वेक्षणाच्या जुन्या तिवईवर दुर्बिणीचा माउंट बसवताना

जमीन मोजणारे लोक कोन मोजायचे थिओडोलाइट किंवा पातळी पाहायचे डम्पी लेव्हल ज्या लाकडी तिवईवर ठेवतात, ती तिवई दुर्बिणीसाठी फार चांगली असते. लाकूड कंप लवकर जिरवते आणि तिचे पाय जाड असतात. टोकांना लोखंडी अणी असल्यामुळे ती मातीत घट्ट रुतते. शिवाय अॅल्युमिनियमच्या तिवया आल्यापासून अशा लाकडी तिवया भंगारात स्वस्तात मिळतात. माझी तिवई पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली आहे. अडचण एवढीच, की तिच्या डोक्यातला बोल्ट एका मापाचा असतो आणि दुर्बिणीच्या इक्वेटोरियल माउंटचा (एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखून दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा) तळ वेगळ्याच मापाचा. या दोहोंना जोडणारा मधला भाग बाजारात सहज मिळत नाही, पण एक लेथवाला आणि घरातली ड्रिल मशीन यांच्या मदतीने तो दोन दिवसांत तयार होतो.

बहुतेक सर्वेक्षण तिवयांचा मधला बोल्ट ५/८ इंची असतो आणि त्याला एका इंचात ११ आटे असतात. आपल्याकडच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानांत जे व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्याचे नट-बोल्ट मिळतात, त्यांतही ५/८ इंचाला ११ आटेच असल्याने (आट्यांच्या कोनात पाच अंशांचा फरक असला तरी) ते या बोल्टला चालून जातात. दुकानात जाताना तिवईचा बोल्ट काढून सोबत नेता येत नसेल, तर दुकानातून एक नट घरी आणून तो हाताने पूर्ण फिरतो का, हे आधी पाहावे. काही फार जुन्या तिवयांना मध्ये बोल्ट नसतो आणि आटे डोक्याच्या बाहेरच्या कडेवर असतात. अशी तिवई या कामासाठी घेऊच नये.

माउंटच्या बाजूची मापे स्वतःच घ्यावीत. ईक्यू-५ वर्गातल्या (इक्वेटोरियल माउंटचा एक आकार) बऱ्याच माउंटना तळाशी मध्यभागी एम-१० (१० मिमी) आट्याचे छिद्र, त्याभोवती खाली आलेला गोल उंचवटा आणि उत्तरेच्या बाजूला समोरासमोर असलेले दिगंशाचे दोन स्क्रू असतात. हे दोन स्क्रू मूळ तिवईच्या डोक्यावरच्या खुंटीला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि माउंट डावी-उजवीकडे किंचित सरकवतात. उंचवट्याचा व्यास आणि त्याची खोली व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. खुंटीची जागा ठरवण्यासाठी माउंट उलटा धरून त्याच्या तळावर कागद ताणावा आणि मऊ पेन्सिल आडवी घासून ठसा उमटवावा. मध्यबिंदूपासून दोन स्क्रूंच्या मधल्या जागेपर्यंतचे अंतर या ठशावरून जितके नेमके मिळते, तितके फूटपट्टी टेकवून मिळत नाही.

माझा पहिला प्रयत्न फसला होता आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. मी प्लायवुडच्या तीन चकत्या चिकटवून एक भरीव ठोकळा केला, त्याच्या पोटात एम-१० बोल्ट बसवला आणि खालून तिवईचा बोल्ट आवळला. टेबलावर हे सगळे देखणे दिसत होते. पण वांगणीच्या माळावर ध्रुवाशी जुळवणी करताना दिगंश फिरवण्यासाठी एम-१० बोल्ट थोडा सैल करावा लागला, तेव्हा लक्षात आले की त्याचे डोके ठोकळ्याच्या आत गाडले गेले आहे. अंधारात दुर्बीण, तिचा तोल साधणारे वजन आणि माउंट सगळे उतरवून ठोकळा सुटा करावा लागला आणि पुन्हा चढवल्यावर जुळवणी अर्थातच बिघडलेली होती. म्हणून भरीव ठोकळ्याऐवजी दोन प्लेट आणि त्यांच्यामध्ये हात शिरेल एवढी मोकळी जागा, अशी रचना करावी.

या मोकळ्या जागेचा दुसरा उपयोग आपल्या अक्षांशाशी जोडलेला आहे. दुर्बीण ध्रुवाकडे वळवून ठेवली असता वजनाचा दांडा उभ्या रेषेपासून उत्तरेकडे जितका झुकतो, तो कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका असतो. लंडनमध्ये तो साडेएक्कावन्न अंश झुकतो, त्यामुळे वजन तिवईपासून दूर राहते. पुण्यात मात्र तो साडेअठरा अंशच झुकतो आणि वजन जवळजवळ सरळ खाली येऊन उत्तरेकडच्या पायावर आदळते. माउंट १५० मिमी वर उचलला, की हा प्रश्न सहसा सुटतो. तिवईच्या दोन पायांमधली फट उत्तरेकडे करूनही वजनाला वाट मिळते, पण माउंटवरचा भार उत्तरेकडे कलत असल्याने त्या बाजूला पाय असणेच अधिक सुरक्षित असते.

दोन्ही प्लेट १२ मिमी जाडीच्या लोखंडी पत्र्यातून, सुमारे १६० मिमी व्यासाच्या, गोल कापून घ्याव्यात. दोन्ही मिळून वजन पावणेचार किलोच्या आसपास भरते, जे मला खटकत नाही. ते खटकत असेल, तर अॅल्युमिनियम घ्यावे, पण मग जाडी १६ मिमीच्या खाली नेऊ नये. खालच्या प्लेटला मध्यभागी १३.५ मिमीचे छिद्र पाडून लेथवाल्याकडून ५/८ इंची टॅप मारून (आतून आटे पाडून) घ्यावा. १२ मिमी जाडीत पाच आटे बसतात आणि लोखंडात तेवढे पुरतात. वरच्या प्लेटला मध्यभागी माउंटच्या उंचवट्याच्या मापाचे आरपार भोक लेथवर करून घ्यावे. ते करताना माउंट सोबत नेऊन बसवून पाहावा, कारण या एका ठिकाणी ढिलाई चालत नाही. माझ्याकडे भोक किंचित मोठे झाले होते, तेव्हा शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आतून गुंडाळली आणि डुगडुग थांबली.

उंचवट्याची खोली प्लेटच्या जाडीपेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी असायला हवी. प्लेटखाली भोकापेक्षा मोठी, ६ मिमी जाडीची चकती ठेवून तिच्यातून एम-१० बोल्ट वर जातो आणि माउंटला खाली खेचतो. उंचवटा प्लेटच्या खाली डोकावत असेल, तर चकती प्लेटऐवजी उंचवट्यालाच टेकते, बोल्ट कितीही आवळला तरी माउंट सैलच राहतो आणि दोष कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. बोल्टची लांबीही तपासावी. त्याचे टोक माउंटच्या आत टेकले, तर तो घट्ट बसल्याचा नुसता भास होतो. बोल्टच्या डोक्यावर सळईचा लहानसा तुकडा आडवा वेल्ड करून घेतला, की रात्री पाना शोधावा लागत नाही.

खांबांसाठी एम-१२ चे तीन थ्रेडेड रॉड आणि अर्धा इंची जीआय पाइपचे तीन तुकडे लागतात. रॉड पाइपमधून जातो आणि वर-खाली नट आवळले की पाइप दोन प्लेटांमध्ये दाबला जातो. नुसत्या रॉडवर उभी केलेली प्लेट थरथरते, कारण सगळा कडकपणा या दाबातून येतो. त्यासाठी तिन्ही तुकडे १५० मिमी लांबीचे, दोन्ही टोकांना लेथवर काटकोनात साफ केलेले आणि एकमेकांशी तंतोतंत सारखे असावेत. करवतीने कापून कानस मारलेले तुकडे इथे उपयोगाचे नाहीत.

रॉडची छिद्रे आखण्यासाठी कंपासात ६० मिमी त्रिज्या घेऊन वर्तुळ काढावे आणि त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा करून एक सोडून एक अशा तीन घ्याव्यात. सेंटर पंचाने खड्डे पाडल्यावर दोन्ही प्लेट एकमेकींवर शिकंज्यात धरून छिद्रे एकदमच पाडावीत, म्हणजे पुढे ती जुळवत बसावे लागत नाही. आधी ४ मिमी, मग ८ मिमी आणि शेवटी १२.५ मिमीचा ड्रिल वापरावा, मध्ये मध्ये तेल सोडावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा. दोन प्लेटांवर एकमेकींसमोर खूण करून ठेवली, तर सुटे करून पुन्हा जोडताना गोंधळ होत नाही.

खुंटी म्हणून १० मिमीचा बोल्ट चालतो, पण दिगंशाचे स्क्रू जिथे टेकतात तिथे आटे नसलेला गुळगुळीत भाग यायला हवा. वरच्या प्लेटवर खुंटीचे छिद्र दोन खांबांच्या बरोबर मध्ये पाडावे, म्हणजे उत्तरेकडची बाजू हातासाठी मोकळी राहते. तिवईच्या पायांशी हे छिद्र जुळवण्याची गरज नाही, कारण खालचा ५/८ इंची बोल्ट सैल करून सगळा सांगाडा हवा तसा फिरवता येतो. ढोबळ उत्तर दिशा अशी साधावी आणि बारीक जुळवणी स्क्रूंवर सोडावी. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ४० कला (एक अंश म्हणजे ६० कला) दूर असल्याने ही बारीक जुळवणी टाळता येत नाही.

जोडणी झाल्यावर दुर्बीण न चढवता वजनाचा दांडा सगळीकडे हळूहळू फिरवून तो कुठे अडतो का, ते पाहावे. मग दुर्बीण बसवून जास्त वर्धनाच्या नेत्रिकेत एक तारा धरावा, नळीला बोटाने टिचकी मारावी आणि प्रतिमा स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दोन-तीन सेकंदांत ती थांबली तर काम जमले. जास्त वेळ लागला तर प्लेटांना दोष देण्यापूर्वी तिवईच्या पायांचे वरचे बिजागरी बोल्ट आवळून पाहावेत, कारण जुन्या लाकडात ते हमखास ढिले झालेले असतात. गच्चीवर अणी फरशीवरून घसरतात. तिथे प्रत्येक पायाखाली खड्डा कोरलेला लाकडी ठोकळा ठेवावा आणि तिन्ही ठोकळे दोरीने एकमेकांना बांधावेत. लोखंडाला पावसाळ्यापूर्वी रेड ऑक्साइड मारावा, पण तिवईच्या डोक्यावर टेकणारी बाजू आणि माउंटचे भोक रंगाविना ठेवून त्यांना नुसता ग्रीसचा हात द्यावा.