साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या उतारावर रेडिओ कंट्रोलचे पंच गळतात? आधी अँटेना वर घ्या

ओरिएंटीअरिंग म्हणजे नकाशा-होकायंत्र घेऊन ठरलेले टप्पे (कंट्रोल) शोधत धावायची स्पर्धा. खेळाडू प्रत्येक कंट्रोलवरच्या यंत्राला (स्टेशनला) कार्ड लावून वेळ नोंदवतो, तो पंच; रेडिओ डबा तो लगेच फिनिशला पाठवतो. हा डबा कंट्रोलच्या खुंटाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला की बरेच पंच फिनिशच्या लॅपटॉपवर पोचतच नाहीत. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर ओल्या पानांत आणि माणसाच्या अंगातही शोषली जाते, म्हणून पावसाळी कारवीत हा त्रास फार.

१. तीन मीटरचा सरळ बांबू घ्या. डबा टोकाशी बांधा, अँटेना उभीच ठेवा. फिनिशकडची अँटेनाही उभी हवी. एक उभी, एक आडवी असली की सिग्नल खूपच पडतो.
२. बांबू झाडाच्या बुंध्याला टेकवू नका, निदान हातभर मोकळा ठेवा.
३. डबा घळीत नको. मधला रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारा डबा) सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या, कडेला, जिथून दोन्ही टोकं डोळ्यांना दिसतात तिथे लावा.
४. दहा पंच मारून पाहा, तेही कंट्रोलभोवती तीन-चार जण उभे करून. मोकळ्या जागेतली चाचणी फसवी असते.

सगळ्या स्टेशनांची घड्याळं आदल्या रात्री एकाच लॅपटॉपवरून जुळवा. रेडिओचा निरोप हुकला तरी वेळ खेळाडूच्या कार्डात असतेच, निकाल त्यावरूनच काढा.

अँटेना जोडल्याशिवाय डबा चालू करू नका, ट्रान्समीटर जळू शकतो.