लाकूड कातायच्या लहान लेथसाठी पहिला चक: या चुका टाळा

लेथ आपण चार ठिकाणी विचारून, जमल्यास चालवून बघून घेतो. चक, म्हणजे लाकूड पकडून फिरवणारा भाग, मात्र फोटो आणि किंमत बघून मागवतो. म्हणून पैसे वाया जातात ते बहुधा या दुसऱ्या खरेदीत. स्वस्त चक म्हणजे वाईट चक, असं अजिबात नाही. वाट्या, झाकणाचे डबे, दिवे असं घरगुती काम करणाऱ्याला चार जॉचा (पकडणाऱ्या जबड्यांचा), आपोआप मध्य साधणारा साधा चक कित्येक वर्षं पुरतो. फक्त तो आपल्या स्पिंडलवर (लेथच्या फिरणाऱ्या दांड्यावर) नीट बसायला हवा.

त्याही आधी, चक आत्ता लागतोय का ते बघा. लाटणं, रवीचा दांडा, खुर्चीचा पाय हे सगळं दोन सेंटरांमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांमध्ये) कातून होतं. वाटीसुद्धा फेसप्लेटवर (स्पिंडलवर बसणाऱ्या सपाट चकतीवर) स्क्रूने बसवून कातता येते. तळाला स्क्रूची भोकं नको असतील तर टाकाऊ लाकडाचा ठोकळा फेसप्लेटवर बसवायचा आणि काम त्यावर चिकटवायचं. चकाची खरी गरज पडते ती वाटी उलटवून पुन्हा धरताना, आणि एकाच टोकाने धरून आतून पोकळ करायच्या कामाला. ते इतक्यात करायचं नसेल तर हे पैसे चांगली गौज (पन्हळीच्या आकाराचं कातायचं हत्यार) आणि धार लावायच्या ग्राइंडरवर खर्च करा. बोथट गौजेने महागड्या चकातलं कामही बिघडतं.

स्पिंडल न मोजता ऑर्डर देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ‘स्पिंडल एक इंची आहे’ एवढ्या माहितीवर चक मागवता येत नाही. आट्यांना दोन मापं असतात, बाहेरचा व्यास आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर). लहान लेथवर १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे हे माप पुष्कळ दिसतं. काही मशिनींवर पाऊण इंच आणि १६ आटे असतात. युरोपीय पद्धतीच्या लेथवर एम ३३ (३३ मिमी व्यास), पिच ३.५ मिमी, काही छोट्या मशिनींवर एम १८, पिच २.५ मिमी. मोटर आणि हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा भाग) सुटे घेऊन जुळवलेल्या हौशी लेथसाठी मिळणारे छोटे चक बऱ्याचदा एम १४, पिच १ मिमी असतात.

व्हर्नियर घ्या. आधी व्यास मोजा. आट्यांचे माथे थोडे बोथट असतात, त्यामुळे १ इंची स्पिंडलवर २५.४ ऐवजी २५.२ च्या आसपास आकडा येतो. त्याने गोंधळून जाऊ नका. मग व्हर्नियरचं एक टोक एका माथ्यावर ठेवा आणि तिथून पुढचे चार माथे मोजून चौथ्यावर दुसरं टोक आणा. अंतर १२.७ मिमी आलं तर इंचाला ८ आटे. ६.३५ आलं तर १६. बरोबर १४ आलं तर पिच ३.५, आणि १० आलं तर २.५. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे परत पाठवलेले चक आणि त्यांचं कुरिअरचं भाडं यात बरेच पैसे जातात.

फसवणारी एक जोडी लक्षात ठेवा. सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी आणि एम ३३ म्हणजे ३३. सव्वा इंची स्पिंडलवर एम ३३ चा चक सैलसर चढतो आणि बसल्यासारखा वाटतो. आट्यांवर टेप गुंडाळून तो घट्ट करणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका. दोन-दोन किलोचं लोखंड मिनिटाला हजार फेऱ्यांनी तुमच्या तोंडासमोर फिरत असतं.

दुसरी गोष्ट स्पिंडलच्या खांद्याची, म्हणजे आट्यांच्या मागच्या सपाट कडेची. आटे चकाला फक्त ओढून धरतात. तो सरळ फिरतो तो खांद्याला सपाट टेकल्यामुळे. स्पिंडलवरचे आटे लांब आणि चकातलं भोक उथळ असेल तर चक खांद्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून आट्यांची लांबी मोजा आणि विक्रेत्याला चकातल्या भोकाची खोली विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरा विक्रेता बघा.

चक दोन तऱ्हेचे मिळतात. काहींच्या अंगातच आटे पाडलेले असतात, काहींत वेगळा इन्सर्ट (आटे असलेला सुटा तुकडा) बसवायचा असतो. आज छोटा लेथ आहे आणि पुढे मोठा घ्यायची इच्छा आहे, अशांनी थोडे जास्त पैसे देऊन इन्सर्टवाला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. लेथ बदलला की फक्त इन्सर्ट बदलायचा. चुकीच्या मापाचा स्वस्त चक घेऊन स्पिंडल आणि चकाच्या मध्ये अडॅप्टर लावणं मात्र टाळा. चक बेअरिंगपासून आणखी लांब जातो, एक जोड वाढतो आणि थरथर वाढते.

मोठा चक घेतला की मोठं काम होईल, हा समज

लेथचा स्विंग (त्यावर फिरू शकणाऱ्या कामाचा जास्तीत जास्त व्यास) २०० मिमी असेल तर ७० ते ७५ मिमीचा चक पुरे. २५० ते ३०० मिमी स्विंगला ९० ते १०० मिमीचा शोभतो. छोट्या मोटरवर जड चक चढवला की लेथ सुरू होताना कण्हतो आणि बेअरिंगवर फुकटचा भार येतो. शिवाय चक स्वतःच ६०-७० मिमी जागा खातो. सेंटरांमधलं अंतर ३०० मिमी असलेल्या लेथवर मग जेमतेम २३०-२४० उरतात.

लोखंडकामाचा तीन जॉचा चक

मुंबईच्या नागदेवीत किंवा पुण्याच्या बोहरी आळीत चौकशी केली की हा मोह पडतोच. चक भक्कम दिसतो आणि भावही बरा असतो. पण त्याची पाठ बहुधा सपाट असते. स्पिंडलच्या आट्यांची बॅकप्लेट (मागे लावायची चकती) टर्नरकडून करून घ्यावी लागते, आणि ती बारकाईने केली नाही तर चांगला चकही आउट, म्हणजे मध्य सोडून, फिरतो. तो खर्च धरला की बचत फारशी उरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचे अरुंद, पायऱ्यांचे जॉ लोखंडी सळई धरायला केलेले असतात. लाकडाला ते तीनच ठिकाणी दाबतात. आंबा किंवा पांगारा असला तर तिथे खड्डे पडतात आणि पकड सैल होते. चौरस ठोकळा तर त्यात नीट धरताच येत नाही. बाहेर आलेल्या जॉचे कोपरे बोटांच्या पेरांना लागतात ते वेगळंच. गोल दांड्यांच्या किरकोळ कामाला हा चक चालेल; वाटी कातायला तो घेऊ नका.

जॉकडे दुर्लक्ष

चकाचं अंग दहा वर्षं टिकतं, पण रोजचं काम जॉ करतात. पहिल्या खरेदीत ५० मिमीचे, आतून तिरपा काप असलेले जॉ हवेत. वाटी-डब्याचं बहुतेक काम त्यांच्यावर निघतं. वेगळ्या मापाचे जॉ पुढे मिळणार आहेत का, हे आत्ताच विचारा. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर कंपनीगणिक बदलतं. बिननावाचा चक घेतला आणि त्याचे जॉ बाजारातून गायब झाले, तर आहे त्या एका जोडावर भागवावं लागतं.

काम आउट फिरतंय? चकाला दोष देण्याआधी

खालून वर तपासत या. चक काढा. स्पिंडलचे आटे आणि खांदा जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा. खांद्यावर भुशाचा एखादा कण दबलेला असतो, किंवा ठोका बसून बारीक उंचवटा आलेला असतो. नखाने चाचपलं की कळतो. चकाच्या आतले आटेही साफ करा. इन्सर्ट पूर्ण आत बसलाय का बघा. मग जॉ सोडवून त्यांच्याखालचा भुसा काढा आणि स्क्रू सारखे आवळा. डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारं माप) असेल तर आधी खांद्यावर, मग चकाच्या अंगावर लावा. नसेल तर टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आधारावर) पेन्सिल टेकवून चक हाताने फिरवा. रेघ एकाच बाजूला उमटली तर चक तिकडे आउट आहे.

जॉ ज्यांवर बसतात त्या सरकत्या पट्ट्यांवर १ ते ४ आकडे कोरलेले असतात. सफाईसाठी काढल्यावर त्या त्याच आकड्याच्या खाचेत, त्याच क्रमाने बसवायच्या. चावी फिरवत आतल्या स्क्रोलचं (पट्ट्या सरकवणाऱ्या सर्पिल आट्याचं) टोक खाचेपाशी आलं की पहिली पट्टी, पुढच्या खाचेपाशी आलं की दुसरी. एखादी एक फेरा उशिरा धरली गेली तर चारही जॉ मध्यावर एकत्र येत नाहीत. नवा चक ‘खराब निघाला’ अशी तक्रार असते तेव्हा कितीदा तरी कारण एवढंच असतं.

चक सरळ फिरतोय आणि काम तरी सुटतंय, तर कुशीकडे, म्हणजे जॉमध्ये धरायला कातलेल्या गोल उंचवट्याकडे, बघा. जॉ एका ठरावीक व्यासालाच पूर्ण वर्तुळ करतात. ५० मिमीच्या जॉसाठी कूस ५० ते ५५ मिमी ठेवली तर जवळजवळ सगळा कडेचा भाग लाकडाला भिडतो. कूस ७० मिमीची केली तर जॉचे फक्त कोपरे लाकडात रुततात. लांबी ६-७ मिमी पुरे. कुशीचं टोक चकाच्या तळाला टेकता कामा नये. वाटीचा सपाट खांदा जॉच्या माथ्यावर बसला पाहिजे. कुशीची कड जॉच्या तिरप्या कापाला जुळवून काता. ओलं लाकूड असेल तर रात्रीतून कूस लंबगोल होते, सकाळी पुन्हा आवळून आणि तपासूनच मशीन सुरू करा. मऊ लाकूड दबतं, म्हणून थोडं कातून झालं की मशीन थांबवून एकदा चावी फिरवायची.

जॉ चकाच्या अंगाबाहेर फार उघडू नका. स्वस्त चकांत बऱ्याचदा जॉ अडवणारा स्क्रू नसतो आणि पट्टी स्क्रोलच्या एखाद-दोन दातांवरच उरते. चावी चकात ठेवून बटण दाबणं, हातमोजे घालणं, ओढणी किंवा लांब बाही मोकळी सोडणं, हे तर कधीच नको. चेहऱ्यावर शील्ड हवीच. उलट दिशेने फिरवून घासायची सवय असेल तर चकाला स्पिंडलवर पकडून ठेवणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) असलेलाच चक घ्या, नाहीतर तो सुटून बाहेर येईल.

चक स्पिंडलवर जाम होऊन बसतो, ही शेवटची तक्रार. खांदा आणि चकाच्या मध्ये पातळ, सारख्या जाडीची प्लास्टिकची वायसर घातली तर तो सहज सुटतो. जाम झालाच तर स्पिंडलच्या चपट्या भागाला पाना लावून धरा आणि चकाला हलका झटका द्या. इंडेक्सिंगच्या (स्पिंडल ठरावीक कोनात थांबवायच्या) पिनेने स्पिंडल अडवून जोर लावू नका. पीन वाकते आणि तिचं भोक कायमचं बिघडतं.