घुबडाचे कूळ कसे ठरवावे

घुबड दिसले की नजर आधी डोक्यावरच्या कानांसारख्या पिसांवर जाते. कूळ ठरवताना मात्र ती बाजूलाच ठेवावीत. हिमघुबडाच्या डोक्यावर ती जेमतेम दिसतात, तरीही डीएनएच्या अभ्यासानंतर ते मोठी शिंगे मिरवणाऱ्या शृंगी घुबडाच्याच 'बुबो' प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, गेले.

घुबडांच्या गणात, म्हणजे कुळांच्या मोठ्या गटात, सुमारे २५० जाती आणि दोनच कुळे आहेत. आधी चेहरा पाहावा: पत्त्यांतल्या बदामासारखा असेल तर गव्हाणी घुबडाचे कूळ, वाटोळा असेल तर पिंगळा, हुमा आदींचे मोठे कूळ. त्यानंतर पाय तपासावा. गव्हाणी घुबडाचे आतले बोट मधल्या बोटाएवढेच लांब असते आणि मधल्या नखाच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात, ज्यांनी ते पिसे विंचरते. असे दाते रातवा या निशाचर पक्ष्याच्या आणि बगळ्याच्या नखालाही असतात, म्हणून केवळ नखावरून नाते जोडू नये. सांगाडा हाती असल्यास गळ्याखालचे बेचकीसारखे हाड छातीच्या हाडाला सांधलेले आहे का, हे अवश्य पाहावे. गव्हाणी घुबडात ते सांधलेले असते.

गणाचे नाते शोधताना तर अधिकच सावध राहावे. सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये बाकदार चोच आणि तीक्ष्ण नख्या पाहून घुबडांना ससाण्यांसोबत बसवले. पुढे डीएनएच्या सुरुवातीच्या तुलनांवरून त्यांना रातव्यांचे सोबती मानले गेले. संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर हे दोन्ही अंदाज मागे पडले: ससाणे पोपटांच्या जवळचे निघाले, रातवे दूरच्या शाखेवर गेले आणि २०२४ च्या मोठ्या अभ्यासात घुबडे गरुड-घारींच्या गणाशेजारी आली.

जीवाश्म वाचताना नख्यांची मापे घ्यावीत, असे मी आग्रहाने सांगेन. घुबडांचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. अमेरिकेतील वायोमिंगमध्ये सापडलेल्या, सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीच्या 'प्रिमोप्टिंक्स' या घुबडाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या घुबडाच्या चारही नख्या जवळपास सारख्या असतात. प्रिमोप्टिंक्सच्या मात्र मागच्या आणि आतल्या बोटाच्या नख्या बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठ्या होत्या, अगदी शिकऱ्यासारख्या, आणि त्यावरून तो भक्ष्य शिकऱ्याच्या पद्धतीने मारत असावा, असे अभ्यासक मानतात.